डोक्यावरची लागवड

आमच्या घराण्यात टक्कल वडिलोपार्जित आहे. मामंजींना आहे, चुलत सासऱ्यांना होते आणि आमच्या यांचे कपाळ तर लग्नातच मुंडावळ्यांच्या बरेच वर गेलेले होते. मामंजी म्हणतात, "जमिनीच्या वाटणीत भाऊबंदकी झाली, पण या वाटणीत कुणी तक्रार केली नाही." ती पहिली तक्रार केली आमच्या धाकट्या भाऊजींनी, आणि तीही हौसेने नव्हे.

भाऊजी तेव्हा बत्तीस वर्षांचे. कृषी पदविका झालेली, घरची द्राक्षबाग, शिवाय कांदा. माणूस निर्व्यसनी म्हणावा तर तंबाखूची पुडी तेवढी खिशात. स्थळे पाहू लागून पाच वर्षे झाली होती. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे किती अवघड झाले आहे हे या पानांवर मी नव्याने सांगायला नको. घरोघरी तोच घोर आहे. त्यात एका ठिकाणी मुलीच्या आईने मध्यस्थाला हळूच विचारले, "मुलगा बिजवर आहे का हो?" मध्यस्थाने ते घरी येऊन हसत हसत सांगितले. भाऊजी हसले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि त्यानंतर फोटो काढायचा म्हटले की टोपी घालून उभे राहू लागले.

मग २०२४ च्या उन्हाळी कांद्याचे पैसे हातात आले तेव्हा त्यांनी विषय काढला. "वहिनी, मी केस लावून घेणार आहे." आमचे हे म्हणाले, "तेवढ्या पैशात एका एकराचे ठिबक बसेल." मामंजी काहीच बोलले नाहीत. सासूबाईंना वाटले, टोप आणणार असेल. बरोबर कोणी जायचे हा प्रश्न आला तेव्हा बागेची फवारणी सोडून यांना निघता येईना, म्हणून मी गेले. त्यामुळे जे पाहिले ते सगळे जवळून पाहिले. गावातल्या तीन-चार आयांनी मला गाठून विचारले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगते. या शस्त्रक्रियेत नवा केस निर्माण होत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचे, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या पट्ट्यातले केस मुळासकट काढायचे आणि पुढच्या रिकाम्या जागी लावायचे. टक्कल कितीही पडले तरी मागची ही झालर राहते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. पुरुषांच्या अंगातल्या एका संप्रेरकाने पुढच्या आणि शेंड्याच्या केसांची मुळे बारीक होत जातात; मागच्या केसांवर त्याचा परिणाम फारसा होत नाही. आणि मागचा केस पुढे नेऊन लावला तरी तो आपला मूळ गुण सोडत नाही. हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी दाखवून दिले. त्यांनी १९५२ साली टकलावर पहिले केसरोपण केले आणि १९५९ साली ते प्रसिद्ध केले. बागाईतदाराला हे समजायला अवघड नाही. खाली खुंट डॉगरीजचा असला तरी वर डोळा थॉमसनचा भरला, तर घड थॉमसनचेच लागतात. तसेच हे.

मात्र रोपवाटिका तेवढीच असते, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. मागून काढलेल्या केसाच्या जागी पुन्हा केस येत नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितले की बहुतेकांच्या बाबतीत जन्मभरात मिळून पाच-सहा हजारांच्या आसपासच रोपे काढता येतात. जास्त ओरबाडली तर मागचे डोके उंदराने कुरतडल्यासारखे दिसते. दुसऱ्याचे केसही चालत नाहीत, शरीर ते स्वीकारत नाही. आमच्या यांचा एक मित्र, ज्याच्या डोक्यात फणी मोडते, तो म्हणाला होता, "माझे घ्या हजारभर, किलोचा भाव सांगा." त्याचा सौदा तिथेच फिसकटला.

पहिल्यांदा आम्ही शहरात ज्याचा फलक सर्वांत मोठा होता तिथे गेलो. थंडगार खोली, काचेच्या पेल्यात पाणी. एका बाईने भाऊजींच्या डोक्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि पाच मिनिटांत सांगितले, "साडेचार हजार ग्राफ्ट, एका दिवसात, आज पैसे भरले तर वीस टक्के सूट." मी विचारले, "डॉक्टर कुठे आहेत?" म्हणाल्या, "ते ऑपरेशनच्या दिवशी येतील." "मग केस लावणार कोण?" "आमची टीम." टीममध्ये कोण, त्यांचे शिक्षण काय, हे काही त्यांना सांगता आले नाही. भाऊजींनी खिशातून पैसे काढायला हात घातला होता. मी म्हटले, "भाऊजी, बैल घेताना आपण दात बघतो." आणि उठले.

ही शंका उगीच नव्हती. मुंबईत २०१९ साली एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांवर रोपे लावून घेतली आणि त्यानंतर दोन दिवसांच्या आत त्याचा मृत्यू झाला. पुढे २०२५ च्या मे महिन्यात कानपूरच्या दोन तरुण इंजिनिअरांची तशीच बातमी वाचली तेव्हा माझ्या हातापायांतले बळ गेले. असे क्वचित होते हे खरे, पण हजामत नव्हे, शस्त्रक्रिया आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हे काम शिकलेल्या, नोंदणीकृत डॉक्टरने करायचे. एखाद्या कार्यशाळेत किंवा यू-ट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे नाही, असे त्यांत लिहिले आहे. मदतनीस असतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. म्हणून विचारायचे ते हे, की भूल कोण देणार, काढणार कोण, लावणार कोण, आणि काही बिघडले तर प्राणवायू व जवळचे मोठे रुग्णालय यांची सोय काय.

दुसरे डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांनी आधी अर्धा तास नुसते विचारले. रक्तदाब, साखर, कुठल्या औषधाची ॲलर्जी, कधी दात काढताना सुई दिली तेव्हा चक्कर आली का, वडिलांचे टक्कल कुठवर गेले आहे. मामंजींचा फोटो मोबाईलमध्ये होता तो दाखवला. तो पाहून म्हणाले, "म्हणजे यांचेही तिथपर्यंत जाणार. आज पुढची ओळ सोळा वर्षांच्या पोरासारखी खाली आणली, तर पन्नाशीत पुढे झुडूप आणि मध्ये माळरान दिसेल." त्यांनी कपाळावर ओळ आखली ती भाऊजींना हवी होती त्याहून बोटभर वर. रोपे ठरवली बावीसशे, तीही फक्त पुढे. शेंडा सोडून दिला. खर्च सांगितला नव्वद हजार, औषधे वेगळी. विम्यात हे बसत नाही, कारण हा दिखाव्याचा उपचार धरतात.

त्यांनी आणखी एक सांगितले ते मला फार पटले. सगळ्याच केसगळतीला हे औषध नाही. नाण्याएवढी चाई पडते ती वेगळी. ती पुष्कळदा आपोआप भरते. टायफॉइड, डेंग्यू असा मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने जातात, आणि परत येतात. बाळंतपणानंतर आम्हा बायकांचे जातात तेही तसेच. बायकांचे केस विरळ झाले तर आधी रक्त आणि थायरॉइड तपासावे. विशी-बाविशीच्या मुलांना ते सहसा नको म्हणतात, कारण गळती कुठवर जाणार हे तेव्हा कळत नाही.

आता आमच्या घरचे गाऱ्हाणे. शस्त्रक्रियेसाठी डोके भादरावे लागते. सासूबाईंनी हे ऐकले आणि पदर डोळ्याला लावला. आपल्याकडे बाप गेल्यावर मुलगा डोके भादरतो. "हे जिवंत असताना पोराने मुंडण करायचे?" त्यांची समजूत कोणालाच घालता येईना. शेवटी मामंजी ओसरीवरून म्हणाले, "अगं, तिरुपतीला जाऊन येणारे काय सगळे बाप मारून येतात? जाऊ दे त्याला." श्रावणात तर डोक्याला वस्तरा लावू द्यायच्याच नाहीत, म्हणून आषाढातला दिवस घेतला. ते एका परीने बरेच झाले, कारण पुढे महिनाभर ऊन डोक्यावर घ्यायचे नव्हते आणि आभाळ भरलेले होते.

आठवडाभर आधी तंबाखू बंद. तंबाखूने रक्ताच्या बारीक वाहिन्या आकसतात आणि नव्या रोपाला रक्त कमी मिळते. हे एक व्रत भाऊजींनी पाळले त्याचेच मला नवल वाटले. रक्ताच्या तपासण्या झाल्या. दिवशी सकाळी हलका नाश्ता करून या आणि पुढून बटणे असलेला सदरा घाला, असे सांगितले होते. गळ्यातून काढायचा बनियन घातला तर परत येताना काढता येत नाही.

डोके बधिर करायच्या सुया तेवढ्या झोंबतात. "गांधीलमाशीचे मोहोळ उठल्यासारखे," भाऊजी म्हणाले. ते दहा मिनिटे. त्यानंतर दुखत नाही, माणूस जागाच असतो. आधी पालथे झोपवून तीनेक तास एकेक केस मुळासकट काढतात. काढलेली रोपे थंड सलाईनच्या पाण्यात ठेवतात. उपटलेले कांद्याचे रोप आपण ओल्या गोणपाटाखाली ठेवतो तसे. एका रोपात कधी एक केस असतो, कधी दोन-तीन, क्वचित चार. भिंग लावून ते निवडतात. एकेरी केस अगदी पुढच्या ओळीत, दुहेरी-तिहेरी मागे, म्हणजे ओळ भाताच्या बांधासारखी उठून दिसत नाही. मग जेवण, आणि दुपारी उताणे झोपवून लावण. सकाळी साडेआठला आत गेलेला माणूस संध्याकाळी साडेपाचला बाहेर आला. पुढे लाल ठिपके, मागे पट्टी.

पुरानी रीत म्हणजे मागून कातड्याची पट्टीच कापून टाके घालायचे. ती अजूनही काही ठिकाणी करतात आणि ती वाईट नाही, पण आडवा वण राहतो. आमच्या डॉक्टरांनी सुटे केस काढले. त्याचेही ठिपके राहतात, केस थोडे वाढले की झाकतात.

आता घरचे दहा दिवस. घरच्या बाईला काम असते ते या दहा दिवसांत, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

झोपायचे उताणे, पाठीमागे दोन-तीन उशा रचून, अर्धवट बसल्यासारखे. कुशीवर वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना मी गोधड्यांच्या वळकट्या लावल्या. मच्छरदाणी हवीच, झोपेत डोक्यावर हात गेला तर एका फटक्यात पाच-पंचवीस रोपे जायची. पहिले तीन दिवस जागेपणी तास-दोन तासांनी सलाईनचे पाणी फवारायचे, ते मी केले. तिसऱ्या दिवशी कपाळावर सूज आली आणि चौथ्या दिवशी ती डोळ्यांवर उतरली. मधमाशी चावल्यासारखे दोन्ही डोळे बारीक झाले. सासूबाईंनी देवाला कौल लावायची तयारी केली. पण डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते, म्हणून मी स्वस्थ होते. पाचव्या-सहाव्या दिवशी सूज गेली. ताप आला, पू दिसला, दुखणे वाढत चालले तर मात्र थांबायचे नाही, लगेच दाखवायचे.

पहिले न्हाणे दवाखान्यातच झाले. पुढचे घरी. शाम्पूचा फेस हातावर करून नुसता टेकवायचा, चोळायचे नाही, आणि कोमट पाणी तांब्याने हळू सोडायचे. नळाची धार नको. खपल्या धरतात, खाज सुटते, आणि खाजवायचे नाही हीच खरी परीक्षा. दहाव्या-बाराव्या दिवशी खपल्या गेल्या. सासूबाई वाटीत खोबरेल तेल घेऊन दोनदा आल्या, दोनदा परत पाठवले. डॉक्टर सांगतील तोवर तेल नाही.

आमच्या गोठ्याची चौकट ठेंगणी आहे. तिच्यावर माझ्या लग्नापासून प्रत्येकाने एकदा तरी डोके आपटले आहे. मी तिथे लाल फडके बांधले आणि भाऊजींना गोठाबंदी केली. हेल्मेट दोन आठवडे नाही, म्हणजे मोटारसायकल नाही. वाकून ओझे उचलणे नाही, घाम येईल असे काम नाही, फवारणीच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही. शेतकऱ्याच्या घरात एक कर्ता हात दोन-तीन आठवडे बसून राहणार, हा खर्च नव्वद हजारांत धरलेला नसतो. छाटणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत हे करू नये, ते एवढ्यासाठी.

आणि माणसे. भादरलेले डोके पाहून जो तो गंभीर चेहऱ्याने अंगणात यायचा. "कधी झालं? कळवलं नाही ते?" ओसरीवर मामंजी पान लावत बसलेले. ते म्हणायचे, "मी अजून आहे. या, बसा." चार दिवसांनी सबंध गावाला खरे कारण कळले. थोडी थट्टा झाली आणि विरली.

खरी कसोटी पुढेच होती. तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळू लागले. उशीवर, पंच्यावर, बोटांना. सहा आठवड्यांत पुढचे डोके होते तसे झाले, उलट आजूबाजूचे जुने केसही थोडे विरळले. डॉक्टरांनी हेही सांगितले होते, कागदावर छापून दिले होते; पण कागद वाचणे वेगळे आणि आरशात पाहणे वेगळे. भाऊजी बोलेनासे झाले. कांद्याचे पैसे, यांचे ठिबक, सगळे त्यांच्या मनात येत असणार. एका संध्याकाळी मामंजी त्यांना घेऊन बागेत गेले. काय बोलले ते भाऊजींनीच मला नंतर सांगितले. "गोडी छाटणीला आपण चांगली पाने कापून टाकतो. नुसत्या काड्या उरतात. तेव्हा रडतोस का? मूळ आत आहे ना?"

शास्त्रही तेच सांगते. जागा बदलल्याच्या धक्क्याने केस गळतो, मूळ कातडीत राहते आणि दोन-तीन महिने विश्रांती घेते. मग नवा केस येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. आमच्याकडे दिवाळीपर्यंत काही नव्हते. मधे मधे बारीक पुळ्या आल्या, त्या केस वर येताना येतात. गरम पाण्याच्या फडक्याने शेकल्या. मागचा भाग काही आठवडे बधिर होता. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पुढे मऊ लव दिसली, तान्ह्या पोराच्या डोक्यासारखी. संक्रांतीला ती काळी झाली होती. फेब्रुवारीत बागेची काढणी सुरू झाली तेव्हा मजूर बायकांनी न विचारता सांगितले, "दादा, डोकं भरलं की!" पूर्ण फळ पाहायला वर्ष लागते. शेंड्यावर लावले असेल तर दीड वर्षही.

जी नैसर्गिक गळती चालू असते ती मात्र शस्त्रक्रियेने थांबत नाही. लावलेले राहतात आणि मधले जुने जात राहतात, म्हणून औषध चालू ठेवावे लागते. मिनॉक्सिडिल नावाचे औषध डोक्याला लावायचे. ते मूळचे रक्तदाबाचे औषध. आणि फिनास्टेराइडची गोळी, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ती काही पुरुषांना वैवाहिक सुखाच्या बाबतीत त्रास देते. हे सांगताना डॉक्टरांनी मला बाहेर बसवले होते, पण गोळीबरोबरच्या चिठ्ठीवर छापलेलेच होते. त्रास वाटला तर लाजून गप्प बसू नये, डॉक्टरांना सांगावे.

राहिला प्रश्न सांगायचे की लपवायचे. मध्यस्थाचे म्हणणे, "आता फोटो चांगला येतो, जुने कशाला उकरता?" भाऊजींनी ऐकले नाही. दोन स्थळांना त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. एका घरातून पुन्हा निरोप आला नाही. दुसरीकडे मुलगी मुख्य चहा बाजूला ठेवून विचारू लागली, दुखले का, किती लागले, आणि एवढे केलेत ते कोणासाठी. भाऊजी म्हणाले, "एकीच्या आईने मला बिजवर म्हटले, तिच्यासाठी." मुलगी खळखळून हसली. लग्न २०२५ च्या मार्गशीर्षात झाले.

आता त्या गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर, मामंजींच्या खोलीत ठेवला आहे. फुटलेली किंवा चुरा झालेली फिनास्टेराइडची गोळी गरोदर बाईने, किंवा दिवस राहण्याची शक्यता आहे तिने, हाताळू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. शेंडा अजून विरळ आहे आणि मागे रोपे शिल्लक आहेत, म्हणून भाऊजींच्या मनात दुसऱ्या लागवडीचे घोळते आहे. धाकट्या जाऊबाईंनी परवा सांगून टाकले, "आधी मागच्या अंगाला न्हाणीघर बांधू, मग डोक्याचे बघू." विटा येऊन पडल्या आहेत.